जुन्या वस्तू जमवायच्यात? पुण्यात सुरुवात अशी करा

माझ्या आजोळचा सदाशिव पेठेतला वाडा पाडायचं ठरलं तेव्हा मामाने सगळ्या भाच्यांना निरोप धाडला, "ज्याला जे हवं ते घेऊन जा, उरलेलं मोडीत देतोय." मी तेव्हा सिंहगड रस्त्याला वन रूम किचनमध्ये राहत होते. एक पितळी डबा उचलला आणि परत आले. घंगाळ, बंब, लामणदिवे, फिरकीचे तांबे, सगळं एका टेम्पोतून गेलं. पुढे एका रविवारी जुन्या बाजारात तसाच एक फिरकीचा तांब्या हातात आला. झाकण फिरवून उघडलं, काठावर कोरलेलं नाव वाचलं. आमच्या घरचं नव्हतं, पण कुणाच्यातरी घरचं होतंच. तो तांब्या मी घेतला आणि तिथून हा नाद लागला. त्याला आता चौदा वर्षं झाली.

नव्याने सुरुवात करणारे मला बहुतेक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढते आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. वस्तू बाजारात पुन्हा मिळू शकते, तिची हकीकत मिळत नाही. म्हणून पाकिटाच्या आधी वही काढायची सवय लावून घ्या.

१. पहिला बाजार म्हणजे तुमचाच माळा

एक रुपयाही खर्च करण्याआधी स्वतःच्या, सासरच्या, आजोळच्या, गावाकडच्या घरातले माळे आणि कोठीची खोली बघून घ्या. अडकित्ता, पानाचा डबा, पंचपाळं, समई, शेवयांचा पाट, पायली-शेराची मापं, जातं यांतलं काही ना काही निघतंच. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून एकेक वस्तू त्यांच्या हातात द्या आणि फोनवर बोलणं रेकॉर्ड करा. नुसतं "हे काय आहे?" विचारलं तर "जुनं भांडं आहे" एवढंच उत्तर येतं. "हे कोण वापरायचं? कुठे ठेवलेलं असायचं?" असं विचारलं की माणसं बोलू लागतात. आमच्याकडे चोचीची एक लहानशी पितळी वाटी होती. मी ती तेलाची समजत होते. आत्याने हातात घेतली आणि म्हणाली, "अगं, हे बोंडलं. तुझ्या बाबांना यातून दूध पाजलंय." बाजारात अशीच बोंडली अत्तराची म्हणून विकली जाताना मी पाहिली आहेत.

भांड्यांवरची नावं नीट वाचा. लग्नामुंजीत दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव आणि बऱ्याचदा साल घालायची आपल्याकडे पद्धत आहे. साल शक असेल तर त्यात ७८ मिळवा: शके १८३२ म्हणजे साधारण १९१०. (वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांत ७९ धरावे लागतात.) जुनी अक्षरं छिन्नीने ठोकलेली असतात, जवळून पाहिलं तर टिंबाटिंबांची दिसतात. मशीनने घातलेलं नाव सलग आणि बारीक रेघेचं असतं. भांडं सहसा नवंकोरं घेऊनच भेट देतात, त्यामुळे साल हा चांगला पुरावा असतो. फक्त अक्षरांच्या खाचा भांड्याइतक्याच झिजलेल्या आणि मळलेल्या आहेत ना, हे बघायचं.

माळ्यावर मोडी लिपीतले कागद निघाले तर रद्दीत टाकू नका. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असे जुने कागद जमवून अभ्यासायचं काम करत आलं आहे आणि ते आपल्याच सदाशिव पेठेत आहे. तिथे जाऊन विचारा.

२. विकत घेण्याआधी डोळा तयार करा

पहिले दोन-तीन महिने काहीही विकत घेऊ नका, फक्त बघा. याबाबत पुणेकर नशीबवान आहेत, कारण बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) वर्षानुवर्षं गावोगाव हिंडून हा संग्रह उभा केला, अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं आणि पुढे तो सरकारच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या चिजांपेक्षा घरात वापरायच्या वस्तू जमवण्यावर त्यांचा भर होता. म्हणूनच आपल्यासारख्यांसाठी ही खरी शाळा आहे.

एका फेरीत सगळं बघायला जाऊ नका. एक दिवस फक्त अडकित्ते बघा. पक्षी, घोडे, माणसांच्या जोड्या असे आकार दिसतील, पण त्या आकारात अडकून पडू नका. पातं कुठे झिजलंय, खिळा कसा ठोकलाय, मूठ कुठे गुळगुळीत झाली आहे हे बघा. दुसऱ्या दिवशी फक्त दिवे. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर हात न लावताही झीज ओळखू येऊ लागते.

क्वीन्स गार्डनजवळच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयातही जाऊन या. आणि कसबा पेठेतल्या तांबट आळीत एक सकाळ घालवा. तांब्यावर हातोडीने मठार देतात, म्हणजे ठोकून ठोकून पैलू पाडतात, ते बघा. हातच्या ठोक्यांचे पैलू थोडे पुढेमागे पडतात, एकमेकांवर चढतात. साच्याचे पैलू छापल्यासारखे एकसारखे येतात. एवढा फरक कळला तरी पुढचे बरेच पैसे वाचतील.

३. एकच धागा धरा

दिवे, किंवा कुंकवाचे करंडे, किंवा मापं, किंवा देवादिकांच्या छापील तसबिरी. एकाच प्रकारातल्या दहा वस्तू हाताळल्या की अकरावी पारखता येते. दहा प्रकारांतली एकेक घेतली तर काहीच पारखता येत नाही आणि घराचं गोदाम होतं.

मापं हा नवशिक्यांसाठी फार चांगला विषय आहे, असं माझं मत. ती स्वस्त मिळतात, जागा कमी लागते आणि काळाचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे दशमान वजनं १९५८ पासून येऊ लागली, तेव्हा शेर-पावशेराचं माप बहुधा त्याआधीचं असतं.

४. पिशवीत काय असावं

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग
- लहान पण जोरदार चुंबक (पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड लगेच पकडलं जातं)
- टॉर्च, मोजपट्टी, हाताने धरायचा वजनकाटा
- कापूस आणि पाण्याची लहान बाटली
- दोन-तीन सुपाऱ्या, अडकित्त्यासाठी
- जुनी वर्तमानपत्रं आणि जाड कापडी पिशवी
- सुट्टे पैसे
- वही आणि पेन्सिल

५. कुठे मिळतं आणि बोलणी कशी करायची

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेच्या बाजूला, शाहीर अमर शेख चौकाजवळ. जुनी हत्यारं, मोटारींचे सुटे भाग, कपडे, नाणी, घड्याळं अशा ढिगाऱ्यातच आपल्या वस्तू असतात. सकाळी लवकर जा. चांगले नग आधी व्यापारी उचलतात, ग्राहकांच्या वाट्याला उरलेलं येतं.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. मोड घेणाऱ्या भांड्यांच्या दुकानदाराशी ओळख करून घ्या. लोक जुनं पितळ देऊन नवं स्टील नेतात, ते पितळ वितळवायला जाण्याआधी काही दिवस दुकानात पडून असतं. "अमुक प्रकारचं काही आलं तर मला फोन करा, मोडीपेक्षा जास्त देईन," असं सांगून ठेवा. माझे सगळ्यात चांगले तीन करंडे असेच मिळाले.

भावाचं गणित मोडीपासून मांडायचं. वस्तू तोला, त्या दिवशीच्या मोडीच्या दराने गुणा. विक्रेता साधारण याच्या खाली येत नाही. त्याच्यावर जे मागतो ते कारागिरीचं, दुर्मिळपणाचं आणि वयाचं. त्या वरच्या पैशांचं कारण वस्तूत दिसलं पाहिजे, नुसतं बोलण्यात असून चालत नाही.

हा संवाद तुम्हाला नेहमी ऐकू येईल:

"काका, हे केवढ्याला?"

"ताई, दीडशे वर्षांपूर्वीचं आहे."

भाव विचारला आणि उत्तरात वय आलं की सावध व्हा. मी त्यावर दुसराच प्रश्न विचारते, "कुठल्या गावचं?" अनुभवी विक्रेत्याला हे ठाऊक असतं. वाईकडचं, भोरच्या वाड्यातलं, कोकणातून आलेलं, असं काहीतरी तो सांगतो. तिथेच वहीत लिहा आणि शेजारी "विक्रेत्याचं म्हणणं" अशी खूण करा. अंदाज आणि खात्री या दोन गोष्टी एकाच ओळीत मिसळू नका.

देव्हाऱ्यातले टाक मी विकत घेत नाही. खंडोबाचे, भैरोबाचे, वाडवडिलांचे टाक म्हणजे कुणाच्यातरी कुळाचे देव. ते माझ्या काचेच्या कपाटात शोभेला ठेवणं मला पटत नाही. तुम्ही तुमचं ठरवा, पण ठरवून मगच बाजारात जा.

६. जुनं की जुनं केलेलं?

इथेच माणसं सगळ्यात जास्त फसतात. मीही फसले. तिसऱ्या वर्षी एका दुकानातून हिरवट झाक आलेली भली मोठी समई घेतली. दुकानदाराने पेशवाईतली म्हणून सांगितली, मी दोन महिन्यांची बचत मोजली. घरी आणून ओल्या कापसाने पुसली आणि हिरवा रंग कापसावर उतरला. तेजाब लावून आणलेला होता. तेव्हा समई उलगडून बघायची अक्कल मला नव्हती. तुम्ही नक्की बघा.

समईचे भाग फिरवून सुटे करा. जुन्या समईचे आटे हाताने पाडलेले असतात, थोडे ओबडधोबड, आणि तो भाग त्याच समईच्या त्याच जोडाला नीट बसतो. सगळे आटे एकसारखे धारदार असतील तर मशीनचं काम आहे. मग तेलाची वाटी बघा. वर्षानुवर्षं जळलेल्या दिव्यात काठाच्या आत, बोटाने खरवडला तरी निघत नाही असा चिकट काळसर थर असतो, आणि वात जिथे टेकते तिथे काठ किंचित खाली झिजलेला असतो. माझ्या त्या समईची वाटी आतून नव्या नाण्यासारखी लख्ख होती. पुरावा माझ्या डोळ्यांसमोर होता.

झीज नेहमी हात लागतो तिथे होते. मूठ, कडी, बूड, झाकणाचा काठ गुळगुळीत, आणि नक्षीच्या खोल खाचा जाड मळलेल्या, असं असेल तर ठीक. सगळीकडे सारखीच झीज दिसली तर ती कुणीतरी घासून आणलेली असते. जुन्या तांब्या-पितळेच्या मोठ्या भांड्यांच्या अंगावर किंवा बुडाशी दातेरी सांधा शोधा. पत्र्याची दोन टोकं दातांसारखी एकमेकांत अडकवून डाख (धातू वितळवून केलेला जोड) दिलेला असतो आणि त्याची वेडीवाकडी रेघ वेगळ्या रंगाची दिसते.

अडकित्ता घेताना सुपारी घालून कातरून बघा. वापरातल्या अडकित्त्याचं पातं खालच्या दांडीला बरोबर भिडतं. शोभेसाठी केलेल्यात फट राहते आणि सुपारी निसटते. विक्रेता सुपारी घालू देत नसेल तर पुढच्या पथारीवर जा.

चित्रांची गोष्ट निराळी आहे. "शंभर वर्षांपूर्वीचं कागदावरचं वारली चित्र" कुणी दाखवलं तर नमस्कार करून निघा. वारली चित्रं तांदळाच्या पिठाने झोपडीच्या भिंतीवर, लग्नकार्यात काढायची. ती कागदावर येऊ लागली १९७० च्या दशकात. त्या वाटेवरचं सगळ्यात मोठं नाव जिव्या सोमा म्हशे, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे कागदावरचं सगळ्यात जुनं वारलीही पन्नास-पंचावन्न वर्षांचंच असणार.

चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला. तिच्या जुन्या पोथ्यांत दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात. सुटं एकच पान विकायला आलं तर पोथी फोडली आहे असं समजा. अशी पानं विकत घेतली की आणखी पोथ्या फुटतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकार आजही चित्रकथी काढतात, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. तिकडे जाऊन नवं, हातचं चित्र घ्या.

छापील तसबिरी हा मात्र पुण्याच्या माणसाचा हक्काचा प्रांत. चित्रशाळा इथलीच, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये काढलेली. रविवर्मा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला, म्हणून बऱ्याच चित्रांच्या खाली बारीक इंग्रजी अक्षरांत "रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा" असं छापलेलं दिसतं. याच चित्रांच्या नव्या प्रती चहाच्या पाण्यात बुडवून, जुन्या फ्रेममध्ये घालून विकतात. भिंग लावून देवीच्या गालाचा भाग बघा. जुन्या शिळाछापात, म्हणजे दगडावरून घेतलेल्या छपाईत, रंगाचे कण वाळूसारखे लहानमोठे, विखुरलेले असतात. आजच्या छपाईत ठिपके शिस्तीत, गोलाकार नक्षीत मांडलेले दिसतात. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की पुन्हा फसायला होत नाही. फ्रेम नवी करायला दिली तर "समास कापू नका" हे दोनदा बजावा, कारण छापखान्याचं नाव त्या समासातच असतं.

७. कायदा आणि कागदपत्रं

हा भाग रुक्ष आहे, तरी वगळू नका. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ चा, अंमल १९७६ पासून. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू पुरावशेष धरली जाते. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षं आहे. धातूच्या, दगडी, लाकडी मूर्ती आणि कोरीव शिल्पं, चित्रं, सचित्र पोथ्या असे काही प्रकार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोंसह अर्ज करून नोंदवावे लागतात, आणि वस्तू हाती आल्यावर त्याला उशीर करू नये. पुरावशेष विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. ते देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या मुलीकडे पणजीची शंभरी ओलांडलेली समई पाठवायचा विचार असेल तर थांबा. वस्तू तेवढी जुनी नसेल तरी विमानतळावर अडू नये म्हणून पुरातत्त्व विभागाचं "पुरावशेष नाही" असं प्रमाणपत्र आधी काढून घ्या.

हस्तिदंत, सांबरशिंग, कासवाची पाठ यांपासून केलेलं काहीही घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. "जुनं आहे, चालतं" हे विक्रेत्याचं बोलणं तिथे उपयोगी पडत नाही. आणि मूर्तीच्या पायाशी ताजी तोड दिसली, किंवा शेंदराचे थर घाईने खरवडलेले दिसले, तर ती देवळातून उचललेली असू शकते. हात लावू नका.

जमिनीत पुरलेलं काही सापडलं, मग ते तुमच्याच वाड्याच्या पायात का असेना, ते आपोआप तुमचं होत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

प्रत्येक खरेदीचे एवढे कागद जपा:

- तारीख, वस्तूचं वर्णन, वजन-माप आणि रक्कम असलेली सहीची पावती ("जुने भांडे १ नग" एवढं लिहिलेली नको)
- मूर्ती, चित्र किंवा पोथी असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र आणि विक्रेत्याच्या परवान्याचा क्रमांक
- घेतानाच्या स्थितीत काढलेले चारी बाजूंचे फोटो
- घरातून मिळालेल्या वस्तूसाठी, देणाऱ्याच्या सहीची दोन ओळींची चिठ्ठी

पथारीवर पावती मिळत नाही, हे मलाही माहीत आहे. तिथे विक्रेत्याला विचारून वस्तूचा पथारीवरच फोटो काढते आणि त्याच दिवशी वहीत नोंद करते.

८. घरी आणल्यावर

पहिली चूक सगळे करतात. चिंच-मीठ किंवा पितळ घासायची पावडर घेऊन बसतात आणि तासाभरात ऐंशी वर्षांचा रंग उतरवतात. तो रंग पुन्हा येत नाही. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, ओल्या कापडाने पुसा, लगेच कोरडं करा, एवढंच. रोज पूजेत वापरायची समई असेल तर खुशाल घासा, तिचं कामच ते आहे.

जुन्या भांड्यात स्वयंपाक करायचा असेल तर कल्हई लावून घ्या. डागडुजी केलेल्या भांड्यात मी काही शिजवत नाही, कारण जुन्या डाखात शिसं असू शकतं.

लाकडी वस्तू थेट घरात आणू नका. दोन-तीन आठवडे गॅलरीत काळ्या कागदावर ठेवा. कागदावर पिठासारखी ताजी पूड पडली तर कीड जिवंत आहे. आधी तिचा बंदोबस्त, मग घरात.

कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. मी एक चित्रशाळेचं चित्र "टिकेल" म्हणून लॅमिनेट करून आणलं होतं. दोन वर्षांत प्लॅस्टिकखाली पिवळं पडलं, आणि आता ते सोडवताही येत नाही. फ्रेम करताना काच आणि चित्र यांच्यात अंतर राहील असा आम्लविरहित माउंट घाला. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, तेव्हा चित्रं आतल्या भिंतीवर लावा, आणि जुलै ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी मागून कसर लागली नाही ना, हे बघा.

९. नोंदवही

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या. तो वस्तूवर कोरायचा किंवा चिकटवायचा नाही, सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. वहीत काय लिहायचं, ते माझ्या वहीतलं एक पान उतरवून दाखवते:

"क्र. ७. पंचपाळं, पितळी, ओतीव. रुंदी १४ सेंमी, वजन ६१० ग्रॅम. मधल्या खिळ्याला डाख. एका वाटीत हळदीचा जुना थर, काढलेला नाही. झाकणाच्या आत टिंबांत 'शके १८५९', म्हणजे १९३७ च्या सुमाराचं. थोरल्या मावशीकडून. तिच्या म्हणण्याप्रमाणे आजीला माहेरून मंगळागौरीला आलं. वाडा पाडला त्या आठवड्यात मावशीने ते पिशवीत घालून नेलं होतं, म्हणून टेम्पोत गेलं नाही. चौथ्या वाटीत आजी सुटे पैसे ठेवायची."